वाचकांचे प्रश्न : जुन्या अंकांतली सोबत

या खेपेचे बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे आहेत. जुनी मराठी वर्तमानपत्रे आणि मासिके चाळून त्यांत नवरा-बायकोची, मैत्रिणींची, माणसामाणसांची सोबत कशी मांडली आहे, हे बऱ्याच जणांना शोधायचे आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे गाळून फक्त गाव ठेवले आहे.

प्रश्न (सोलापूर) : संगणकावर उपलब्ध असलेल्या जुन्या अंकांत मी ‘सहजीवन’, ‘जोडीदार’, ‘सोबत’ हे शब्द घालून शोधले. एकोणिसाव्या शतकातले जवळजवळ काहीच हाती लागले नाही. तेव्हा ही कल्पनाच नव्हती का?

उत्तर : कल्पना होती, पण तुम्ही घातलेले शब्द तेव्हाचे नव्हेत. पहिली अडचण ‘कुटुंब’ या शब्दाची. जुन्या मजकुरात ‘आमचे कुटुंब आजारी आहे’ असे वाचले की घरातल्या सगळ्यांनीच अंथरूण धरले असे आज वाटेल. लिहिणाऱ्याला मात्र एकटी बायको अभिप्रेत असे. ‘मंडळी’चेही तसेच. ‘मंडळी माहेरी गेली आहेत’ म्हणजे बायको माहेरी गेली आहे. शोधाच्या यादीत हे दोन शब्द सर्वांत वर घ्या. त्यांच्या खाली सहधर्मचारिणी, सहचारिणी, अर्धांगी, स्नेह, ऐक्य, अनुरूप, जोडा हे शब्द असू द्यात.

‘विजोड’ हा शब्दही टाकून बघा. जमलेल्या सोबतीवर कोणी फारसे लिहीत नसे, फसलेल्या सोबतीवर पानेच्या पाने भरत. ‘विजोड विवाह’, ‘बाला-वृद्ध विवाह’, ‘जरठ-कुमारी’ या शब्दांखाली आलेल्या तक्रारी वाचल्या की लिहिणाऱ्याला जमलेला जोडा कसा हवा होता ते आपोआप कळते.

‘सहवास’ जपून वापरा. १८९०-९१ च्या मजकुरात तो संमतिवयाच्या वादातून येतो आणि तिथे त्याचा अर्थ शरीरसंबंध असा असतो. (१९ मार्च १८९१ च्या कायद्याने मुलीचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेले किमान वय, १० वरून १२ झाले. ‘केसरी’ विरोधात होता, ‘सुधारक’ बाजूने.) ‘नांदणे’ हाही तसाच शब्द. रुखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने केलेला खटला त्यांनी नांदायला जावे यासाठीच होता, त्यामुळे त्या बातम्यांतले ‘नांदणे’ कोर्टाच्या भाषेतले समजायचे. आणि ‘सोबत’ हा शब्द घातला की ग. वा. बेहेरे यांचे त्याच नावाचे साप्ताहिक पुढे येते, नाहीतर प्रवासाला बरोबर जाणारे माणूस. रात्रीच्या गाडीला सोबत मिळाली म्हणजे प्रेम जमले असे नव्हे.

दुसरी अडचण लेखनाची. आज रूढ असलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या मजकुरात ‘केलें’, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार असतात आणि ‘पती’ऐवजी ‘पति’ असते. म्हणून पूर्ण रूप टाकू नका, शब्दाचा न बदलणारा भाग टाका : ‘पतिपत्नींचें’ऐवजी ‘पत्नी’, ‘सहचारिणीनें’ऐवजी ‘सहचारि’. तिसरी अडचण यंत्राच्या वाचनाची. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत यंत्र ‘ख’ला ‘रव’ समजते, ‘ब’ आणि ‘व’, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल करते. ‘सखी’ हवी असेल तर ‘सरवी’ आणि ‘सोबत’ हवी असेल तर ‘सोवत’ असेही एकदा टाकून पाहा. हसू येईल, पण सापडते.

प्रश्न (पुणे) : बायको म्हणजे मैत्रीण, ही कल्पना मराठी नियतकालिकांत केव्हा आली? एखादे साल सांगता येईल का?

उत्तर : साल मागू नका, टप्पे मागा. लोकहितवादींची पत्रे ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात आली. ती शतपत्रे म्हणून ओळखली जातात, प्रत्यक्षात १०८ आहेत. त्यांत बायकांना शिकवावे, विधवांची लग्ने व्हावीत, असा आग्रह आहे; पण त्याचे कारण बहुतेक न्याय आणि देशाची स्थिती हे. घरात बोलायला कोणी नाही ही तक्रार पुढे, इंग्रजी शिकलेल्या नवऱ्यांची पहिली मोठी पिढी नोकरीला लागल्यावर ऐकू येते. मुलगा कॉलेजात, बायको नऊ वर्षांची. दोघांनी बोलायचे कशाविषयी?

या पिढीच्या लिखाणात कालिदासाची ओळ ओळखीची : ‘गृहिणी सचिवः सखी मिथः प्रियशिष्या’. लोक ‘सखी’वर थांबतात. आमच्या मते नजर ‘प्रियशिष्या’वर ठेवावी. रानडे रमाबाईंना शिकवतात, गोपाळराव जोशी आनंदीबाईंना शिकवतात, आणि मासिकांतल्या गोष्टींतला नवरा रात्री दिव्याशी बसून बायकोकडून धडा वाचून घेतो. ही सोबत खरीच, पण एक जण पाटीवर लिहून देणार आणि दुसरी गिरवणार, अशी. म्हणून कुठलाही मजकूर समोर आला की एक बारीक गोष्ट तपासा : कोण कोणाला वाचून दाखवते? नवरा वाचतो आणि बायको ऐकते, हा पहिला टप्पा. बायको वाचते आणि नवरा चुका काढतो, हा दुसरा. बायको स्वतः निवडलेले काही वाचते आणि नवरा त्यावर तिचे मत विचारतो, हा तिसरा, आणि तो फार उशिरा भेटतो. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. यमू आणि रघुनाथ यांचा अभ्यास वाचताना ही कसोटी लावून बघा, बऱ्याच प्रसंगांत पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातली ओढाताण दिसेल.

बायकांनी स्वतः लिहिलेले शोधायचे असेल तर दोन ठिकाणे पक्की. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांत बायकांवर जे तोंडसुख घेतले गेले त्याला उत्तर म्हणून. आणि रुखमाबाईंनी १८८५ च्या जून आणि सप्टेंबरात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘हिंदू लेडी’ या सहीने दोन पत्रे लिहिली, पहिले बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. लहानपणी लावलेल्या लग्नातून मनाजोगी सोबत मिळेलच कशी, हा प्रश्न त्यांनी इंग्रजीत विचारला म्हणून मराठी शोधात तो निसटतो. नांदण्याचा तो खटला १८८८ मध्ये तडजोडीने मिटला, नवऱ्याला, म्हणजे दादाजींना, २,००० रुपये दिले गेले. तडजोडीच्या बातम्या वाचताना हा आकडा डोक्यात ठेवा.

एक सावधगिरी. पुण्या-मुंबईची जी मासिके ग्रंथालयांत नीट बांधून ठेवलेली मिळतात त्यांत वरच्या जातींचे घर दिसते. ‘विधवेचे लग्न ही अघटित गोष्ट’ हे वाक्य त्या घरापुरते खरे. पुष्कळ जातींत पाट (विधवेचे पुन्हा लग्न) लागत असे, काडीमोड होत असे. तिथे प्रश्न वेगळे होते. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. बायकांच्या हक्कांसाठी झटेन असे वराला सर्वांसमोर म्हणावे लागते. समोर उभे राहून दोघांनी एकमेकांशी बोलणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. म्हणून ‘दीनबंधु’ (१८७७) आणि त्या वळणाची पत्रे सोडून कोणी या विषयाचा इतिहास लिहिला तर तो अर्ध्या गावाचा समजावा.

प्रश्न (ठाणे) : ‘वधू पाहिजे’, ‘वर पाहिजे’ या जुन्या जाहिरातींवर मला छोटा लेख लिहायचा आहे. त्यांत सोबतीचा शब्दही नसतो, नुसता हिशेब. तसे लिहिले तर चालेल का?

उत्तर : घाई होईल. छोट्या जाहिरातीचा दर शब्दांवर किंवा ओळींवर असे, त्यामुळे पहिली कात्री भावनेवर पडे. जुन्या धाटणीचा एक नमुना आम्हीच जुळवून देतो :

‘वधू पाहिजे. को. ब्रा., वय २८, मॅट्रिक, स. नोकर, प. १२०, बिजवर, निरपत्य. मुलगी सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष. पत्रिकेसह लिहा.’

यात ‘को. ब्रा.’ म्हणजे कोकणस्थ ब्राह्मण, ‘स.’ म्हणजे सरकारी, ‘प.’ म्हणजे पगार, ‘बिजवर’ म्हणजे दुसरेपणावर लग्न करणारा. ‘निरपत्य’ हा शब्द नवरा नव्या बायकोला सांगतो आहे की पहिलीची मुले तुला सांभाळावी लागणार नाहीत. पैसे मोजून टाकलेला शब्द आहे तो. त्याच्या मनात मुलीची काळजी आहे की तिच्या बापाची, हे मात्र तेवढ्यावरून ठरत नाही. पुढच्या काळात ‘विनापाश’ हा शब्द हेच काम करतो. ‘अनुरूप’ हा शब्द आला तर थांबा. तो स्वस्तात सगळे सांगणारा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कधी जात, कधी शिक्षण, कधी उंची असा होतो. आजूबाजूच्या शब्दांवरूनच ठरवायचा.

‘घटस्फोटित’ हा शब्द कधीपासून शोधायचा, तर कायद्याचे साल पाहा. बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये झाला, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये, देशभर १९५५ मध्ये. त्यामुळे बडोद्याच्या आणि नागपूरच्या जाहिराती एकाच मापाने मोजू नका. मुलीच्या वयासाठीही असाच टप्पा आहे : शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, मुलीला किमान १४ आणि मुलाला १८. त्यानंतर जाहिरातीत छापलेले वय खरेच असेल असे धरू नका. कायद्याच्या रेषेच्या अगदी वर वयांची दाटी दिसली की शंका घ्यावी.

मोजणी अशी करा. दर पाच वर्षांनी एक वर्ष घ्या. त्या वर्षातले दोन रविवार घ्या, एक ऐन लग्नसराईतला वैशाखातला आणि एक भाद्रपदातला. चातुर्मासात लग्ने थांबतात, पण स्थळे बघणे थांबत नाही, आणि या दोन रविवारांच्या जाहिरातींचा सूर निराळा लागतो. प्रत्येक जाहिरातीपुढे चार खुणा करा : बोलणारा कोण (बाप, भाऊ की स्वतः), समोरच्याच्या स्वभावाबद्दल काही आहे का, वाचन-गाणे-प्रवास अशी आवड आहे का, आणि ‘अट नाही’ हे शब्द कशाला जोडले आहेत. एका वर्षाच्या किमान ५० जाहिराती हव्यात. तीच जाहिरात तीन आठवडे येते, तेव्हा बॉक्स नंबर तोच असेल तर एकदाच मोजा. ही चूक फार होते, आणि मग एकाच अडून बसलेल्या बापामुळे सगळा महाराष्ट्र ‘गोरी’ मुलगी मागतो आहे असे दिसते.

प्रश्न (बेळगाव) : आजीने जपलेले ‘स्त्री’ मासिकाचे काही बांधीव खंड घरी आहेत. पाने तपकिरी झाली आहेत, उलटताना कडा मोडतात. स्कॅनरवर पालथे घालावेत का? लॅमिनेशन करावे का?

उत्तर : दोन्ही नको. तो कागद लाकडाच्या लगद्याचा आहे. त्यातले लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळे पडते, आम्ल तयार होते आणि धागा तुटतो. कडा आधी मोडतात कारण हवा तिथूनच आत शिरते. लॅमिनेशनमध्ये उष्णता लागते आणि प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो.

फोटो काढा. खंड पूर्ण १८० अंशांत उघडू नका, १०० ते १२० अंशांवर ठेवा आणि उघडलेल्या बाजूखाली घडी केलेले टॉवेल द्या म्हणजे कण्यावर ताण येणार नाही. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून दोन दिवे लावा, नाहीतर खिडकीचा मंद उजेड घ्या, फ्लॅश नको. कॅमेरा पानाला समांतर ठेवा, आधी सगळी उजवी पाने आणि मग सगळी डावी, म्हणजे मांडणी दर वेळी बदलावी लागत नाही. बारीक टाइप असेल तर ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका. फाइलचे नाव ‘स्त्री-१९३८-०७-पान-०१२’ अशा क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप महिन्यांच्या रांगेत बसते. पान उलटताना बोट ओले करू नका, वरच्या कोपऱ्याखाली पातळ पोस्टकार्ड सरकवून उलटा.

खंडात कसर दिसली तर डांबरगोळ्या टाकून कपाट बंद करू नका, वासाने तुमचेच डोके धरेल. खंड जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून पक्का बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, लगेच उघडली तर दव कागदावर बसते. नंतर मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे झाडा. बेळगावच्या पावसात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे आणि खंड जमिनीपासून वीतभर उंच.

आणि आमच्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट : मुखपृष्ठे, मलपृष्ठे आणि जाहिरातींची पाने सोडू नका. ग्रंथालयांनी खंड बांधताना नेमकी हीच पाने काढून टाकल्याचे वारंवार दिसते, कारण त्यांना पानक्रमांक नसत. साडी, साबण, शिवणयंत्र, रेडिओ यांच्या जाहिरातींत नवरा-बायको एकत्र बसलेले कधी दिसू लागतात, त्यांच्यात अंतर किती, नवरा पेपर वाचतो की बायकोकडे बघतो, हे लेखांतून कळत नाही. ‘स्त्री’ १९३० मध्ये सुरू झाले. तुमचे खंड तीसच्या दशकातले असतील आणि त्यांना मूळ वेष्टने असतील, तर ती ग्रंथालयातल्या प्रतीपेक्षा मोलाची ठरू शकतात.

प्रश्न (मडगाव) : एका मासिकाच्या अंकावर इंग्रजी तारीख नाही. ‘शके १८१३, मार्गशीर्ष’ एवढेच आहे. दुसऱ्यावर फक्त ‘वर्ष २ रे, अंक ६ वा’. साल कसे काढायचे?

उत्तर : शकात ७८ मिळवा. १८१३ अधिक ७८ म्हणजे १८९१, मार्गशीर्ष म्हणजे साधारण डिसेंबर. चूक होते ती पुढच्या महिन्यांत. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी साल जानेवारीत. म्हणून त्याच १८१३ चा माघ काढायचा तर ७९ मिळवावे लागतात, तो १८९२ मध्ये पडतो. पौष दोन्ही सालांत सांडतो, तिथे पंचांग बघण्याशिवाय इलाज नाही. गुजरातेत किंवा बडोद्यात छापलेल्या अंकावर संवत असेल तर तो कार्तिकात बदलतो : कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, पुढे ५६.

वर्ष-अंकासाठी पहिला अंक कोणत्या महिन्यात निघाला ते लागते. र. धों. कर्व्यांचे लैंगिक शिक्षणाचे मासिक ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्याच्या दुसऱ्या वर्षाचा सहावा अंक डिसेंबर १९२८ चा; वर्ष जानेवारीत धरले तर तुम्ही सहा महिने चुकाल. जोडअंक किंवा चुकलेला महिना असेल तर हिशेब सरकतो. मासिक केव्हा निघाले, बंद पडले, नाव बदलले, हे शं. ग. दाते यांच्या नियतकालिकांच्या सूचीत पाहून घ्या. मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मागितली की मिळते.

प्रश्न (नाशिक) : जुन्या मासिकांतली वाचकांची पत्रे आणि खासगी प्रश्न खरे असत का? की संपादक स्वतःच लिहीत?

उत्तर : दोन्ही प्रकार असत, आणि आमच्याच सदराला हा प्रश्न विचारलात म्हणून कौतुक. खऱ्या पत्राच्या काही खुणा : प्रश्न वाकडातिकडा असतो, त्यात विषयाला नको असलेला तपशील असतो, आणि पुढच्या अंकात कोणीतरी चिडून उत्तर देते. बनावट पत्र बहुधा त्याच अंकातल्या अग्रलेखाला पुढे ढकलायला आलेले असते आणि संपादकाचे आवडते शब्द वापरते. ‘एक भगिनी’, ‘एक सुशिक्षित विधवा’ अशा सह्यांमागे पुरुष असण्याची शक्यता धरूनच चालावे. पण उलटी चूकही करू नका : ‘हिंदू लेडी’ची दोन पत्रे खरोखर एका बाईचीच होती.

‘समाजस्वास्थ्य’मधल्या प्रश्नोत्तरांचे वजन कळायला एक खटला पुरेसा आहे. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून कर्व्यांवर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले आणि २०० रुपये दंड झाला. मासिक त्यानंतरही चालू राहिले, थेट नोव्हेंबर १९५३ पर्यंत. या सदरातल्या प्रश्नांत ‘सोबत’ हा शब्द क्वचितच भेटेल. प्रश्न शरीराचे असतात. पण नवरा बायकोच्या त्रासाबद्दल विचारतो आहे की स्वतःच्या, एवढेच वेगळे काढत गेलात तरी एक चांगला लेख होईल.

प्रश्न (नागपूर) : सोबत म्हणजे लग्नच का? मैत्रीचे काय?

उत्तर : बरोबर बोललात. सर्वांत मोठा दाखला तर एका मासिकामुळेच घडलेल्या मैत्रीचा आहे. गोपाळराव जोशींनी बायकोच्या शिक्षणाला मदत मागण्यासाठी कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनशी संबंधित वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते पत्र आणि त्याला दिलेले, धर्म बदलाल तर बघू अशा सुराचे उत्तर, दोन्ही अमेरिकेतल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापले गेले. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट बघत तो अंक चाळत होत्या. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, पत्रव्यवहार वाढला, त्या ‘मावशी’ झाल्या. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या याच घरी उतरायला. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. मासिकातल्या एका छापील पत्राने जोडलेल्या या दोन बायकांत आधी भेट नव्हती, भाषा एक नव्हती, धर्म एक नव्हता.

शोधायचे तर अशा मैत्रीची जागा मुख्य लेखांत नसते. पोच, ‘वाचकांकडून’, वर्गणीदारांची यादी, मृत्युलेख, हळदीकुंकवाच्या आणि भगिनीमंडळांच्या वार्ता हे कोपरे बघा. एकाच गावच्या दोन बायकांची नावे वर्गणीदारांच्या यादीत आणि मग भगिनीमंडळाच्या वार्तेतही शेजारी दिसली, की धागा लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अंकांत ‘पत्रमैत्री’ची सदरे येतात, त्यांत नाव, वय, छंद आणि पत्ता असतो. हे पत्ते पुन्हा छापू नका, ती माणसे हयात असू शकतात.

प्रश्न (इंदूर) : गोष्टींमधून नवरा-बायकोतली जवळीक मोजायला एखादी सोपी खूण सांगा. प्रेम वगैरे शब्द सगळेच वापरतात.

उत्तर : हाक बघा. जुन्या मजकुरातली बायको नवऱ्याशी बोलताना त्याला सर्वनामच देत नाही. ‘इकडून कधी येणं झालं?’, ‘इकडच्या मनात काय आहे?’ असे ती बोलते. माणसाच्या जागी दिशा येते आणि क्रियापदाला कर्ताच राहत नाही. तिसऱ्यापाशी बोलताना ती ‘स्वारी’ म्हणते. रमाबाई रानड्यांनी १९१० च्या आठवणींत माधवरावांसाठी, म्हणजे नवऱ्यासाठी, ‘स्वतः’ हा शब्द वापरला आहे. नंतरच्या गोष्टींत ‘आपण’ येते, मग ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. तिथे त्या नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात थट्टा, राग, कौतुक सगळे मावते. बायकोने नवऱ्याला ‘तू’ म्हणणे मासिकातल्या गोष्टीत दिसले की महिना आणि साल टिपून ठेवा.

तक्ता करा. एका गोष्टीतली दोघांची सगळी बोलणी उतरवून घ्या आणि दोन रकाने आखा : तो तिला काय म्हणतो, ती त्याला काय म्हणते. तो बहुतेक पहिल्यापासून ‘तू’वरच असतो, त्याच्या रकान्यात वेळ घालवू नका. तिच्या रकान्यात एकाच गोष्टीत दोन रूपे आली, म्हणजे चारचौघांत ‘इकडून’ आणि खोलीत ‘तुम्ही’, तर बदल कोणत्या वाक्याला होतो ते अधोरेखित करा. अनुवादित किंवा रूपांतरित गोष्टी वेगळ्या ठेवा, त्यांतले ‘तू’ इंग्रजीतून आलेले असू शकते. आणि गोष्ट पुस्तकात पुन्हा छापली असेल तर मासिकातलीच प्रत वापरा. नव्या आवृत्तीत कोणीतरी ‘इकडून’ काढून ‘तुम्ही’ घातलेले असले, तर तुमचा सगळा तक्ता चुकेल.